नेक्स्ट लिहिलंय पण जातच नाही! रिटर्न कीचा सगळा घोळ

नमस्कार मंडळी, आज फक्त एका बटणावर बोलायचंय. कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यात खाली असतं ते. कोणी रिटर्न म्हणतं, कोणी एंटर म्हणतं, आणि ॲप बनवताना आपण सगळे "ते शेवटी बघू" म्हणून बाजूला ठेवतो आणि मग बघायचं राहूनच जातं.

(स्क्रीनवर: नाव, ईमेल, पासवर्ड, असा तीन फील्डचा फॉर्म. कीबोर्ड उघडा.)

हे बघा, मी नाव टाकलं. आता कीबोर्डवर काय लिहिलंय? नेक्स्ट. दाबते. काहीच नाही. परत दाबते. ढिम्म! आता वापरणारा माणूस काय करणार, अंगठा उचलणार, ईमेलवर टॅप करणार, आणि पासवर्डचं फील्ड तर कीबोर्डच्या मागे दडलंय, मग तो कीबोर्ड घालवायचा कसा हे शोधत बसणार. फॉर्म तीन फील्डचा आणि मनस्ताप दहा फील्डचा.

हे ज्याने बनवलं त्याने कोडमध्ये नेक्स्ट लिहिलंय बरं का, विसरलेला नाहीये तो. पण आयफोनवर ते नुसतं लेबल आहे. रिटर्न की टाइप नावाची प्रॉपर्टी असते, तिला नेक्स्ट द्या, गो द्या, सर्च, सेंड, डन, काहीही द्या, बटणावरची अक्षरं बदलतात आणि विषय संपला. दुकानाची पाटी बदलली म्हणून आत माल येत नाही ना, तसंच. माल तुम्ही भरायचा.

तो भरायची जागा म्हणजे टेक्स्ट फील्डचा डेलिगेट, म्हणजे फील्डमध्ये काही घडलं की ज्याला कळवलं जातं तो आपला ऑब्जेक्ट, आणि त्यातली टेक्स्ट फील्ड शुड रिटर्न ही मेथड. बटण दाबलं की ती बोलावली जाते. आत आपण बघायचं की आत्ता कोणतं फील्ड आहे. नाव असेल तर ईमेलच्या फील्डला बिकम फर्स्ट रिस्पॉन्डर सांगायचं, म्हणजे आता टायपिंग तुझ्याकडे, ईमेल असेल तर पासवर्डला, आणि पासवर्ड असेल तर रिझाइन फर्स्ट रिस्पॉन्डर म्हणजे कीबोर्ड खाली, आणि लगेच लॉगिनची फंक्शन. एवढंच आहे. आणि हो, डेलिगेट सेट केलाय का ते आधी बघा. मेथड सुंदर लिहिलेली आणि डेलिगेट जोडायचाच राहिलेला, यात मी स्वतः अख्खी दुपार घालवलीये, कारण एरर येत नाही, वॉर्निंग येत नाही, नुसती शांतता.

काही जण प्रत्येक फील्डला टॅग नंबर देतात आणि टॅग अधिक एक करून पुढचं शोधतात. चालतं, पण मधे एखादं फील्ड लपवलं की गंडतं, फोकस, म्हणजे टायपिंगचा ताबा, दिसणाऱ्या फील्डऐवजी त्या लपलेल्या फील्डकडे पाठवला जातो. मी तरी सरळ नावानिशी लिहिते, चार ओळी जास्त झाल्या तर होऊ देत.

स्विफ्टयूआय, म्हणजे ॲपलची स्क्रीन बनवायची नवी पद्धत, असेल तर हेच काम आयओएस 15 पासून बरंच सुटसुटीत झालंय. सबमिट लेबलने अक्षरं, ऑन सबमिटमध्ये कृती, आणि फोकस कुठे आहे ते फोकस स्टेटमध्ये. इथेही बघा, लेबल वेगळं आणि कृती वेगळी. दोन्ही लिहावं लागतं.

आता खरी गंमत. त्या टेक्स्ट फील्ड शुड रिटर्नमधून तुम्हाला ट्रू किंवा फॉल्स परत द्यायचं असतं. बऱ्याच जणांना वाटतं ट्रू दिलं की कीबोर्ड बंद होतो. नाही होत. ट्रू म्हणजे "तुझं जे नेहमीचं वागणं आहे ते कर", आणि साध्या टेक्स्ट फील्डचं नेहमीचं वागणं कीबोर्ड घालवायचं नाहीये. तो घालवायला रिझाइन तुम्हालाच म्हणावं लागतं.

आणि आता अँड्रॉइडवर या. तिथे ऑन एडिटर ॲक्शन लिसनर लावतो आपण, म्हणजे ते बटण दाबलं की चालणारा कोड, आणि त्यातूनही ट्रू किंवा फॉल्सच परत द्यायचं असतं. पण तिथे ट्रूचा अर्थ काय? "मी सांभाळलंय, तू मधे पडू नकोस." म्हणजे जवळजवळ उलटा! आयफोनवर ट्रू म्हणजे तुझं तू कर, अँड्रॉइडवर ट्रू म्हणजे माझं मी केलं. दोन्हीकडे काम करणाऱ्या माणसाचा इथे हमखास पाय घसरतो. अँड्रॉइडवर डनसाठी डेटा सेव्ह केला आणि सवयीने ट्रू देऊन मोकळे झालात, की कीबोर्ड तिथेच उभा, कारण सिस्टीम तो बंद करणार होती पण तुम्हीच तिला थांबवलंत. फॉल्स द्या, मग डनला ती कीबोर्ड खाली घेते आणि नेक्स्टला फोकस पुढे नेते, फुकटात.

हो, अँड्रॉइडवर नेक्स्ट बऱ्यापैकी फुकट मिळतं. एका ओळीच्या फील्डला तुम्ही आयएमई ऑप्शन्समध्ये, म्हणजे कीबोर्डच्या सेटिंगमध्ये, काहीच दिलं नाही तरी सिस्टीम खाली अजून फील्ड आहे का बघते, असेल तर नेक्स्ट, नसेल तर डन. म्हणूनच अँड्रॉइडवाल्यांना हा विषय फालतू वाटतो आणि आयफोनवाल्यांना डोकेदुखी.

पण अँड्रॉइडवर वेगळं दुखणं आहे, आणि ते मी भोगलंय. एक फॉर्म होता, शेवटच्या फील्डवर सेंड. लिसनरमध्ये ॲक्शन काय आहे ते न बघताच फॉर्म पाठवत होते आणि ट्रू देत होते. माझ्या फोनवर मस्त चालत होतं, दहा वेळा केलं तर दहाच एंट्री. टेस्टिंगवाल्याने टॅबलेटला ब्लूटूथ कीबोर्ड जोडला आणि एंटर दाबलं, तर दोन एंट्री. एका दाबात दोन! मी आधी सर्व्हरवर संशय घेतला, मग नेटवर्कवर, मग टेस्टिंगवाल्याच्या बोटावर. कारण निघालं असं की ऑनस्क्रीन कीबोर्डवरून आलं तर बहुतेक वेळा ॲक्शन येते, सेंड, डन, जे काय असेल ते, आणि की इव्हेंट, म्हणजे बटण दाबल्या-सोडल्याची खबर, नल म्हणजे रिकामा असतो. पण खऱ्या कीबोर्डचं एंटर आलं तर ॲक्शनच्या जागी काही नाही, की इव्हेंट मात्र येतो, आणि ट्रू देत असाल तर तो दोनदा येतो, बटण खाली जाताना एकदा आणि वर येताना एकदा. उपाय एका ओळीचा. इव्हेंट नल नसेल तर फक्त खाली जातानाच काम करायचं, वर येताना नुसतं ट्रू देऊन सोडून द्यायचं. आणि शिवाय, हे तर कुठेही करा, एकदा पाठवायला सुरुवात झाली की दुसऱ्यांदा पाठवूच द्यायचं नाही, बटण असो की एंटर.

(स्क्रीनवर: नाव आणि आडनाव शेजारी शेजारी, खाली ईमेल.)

कंपोज, म्हणजे अँड्रॉइडवर स्क्रीन बनवायची नवी पद्धत, वापरणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी. इथे कीबोर्ड ॲक्शन्समध्ये ऑन नेक्स्टला आपण फोकस मॅनेजरला मूव्ह फोकस सांगतो, आणि जिथे तिथे उदाहरणांत डाउन लिहिलेलं असतं, आपण तसंच उचलतो. फील्ड एकाखाली एक असतील तोवर ठीक. पण हे बघा, नावात नेक्स्ट दाबलं आणि फोकस गेला थेट ईमेलवर. आडनाव बिचारं शेजारी बसून राहिलं. डाउन म्हणजे खरोखर खालीच जातं ते, स्क्रीनवरच्या जागेनुसार. तिथे डाउन काढून नेक्स्ट लिहा, म्हणजे क्रमाने जाईल.

आता बहुओळी फील्ड. पत्ता, प्रतिक्रिया, नोट्स वगैरे. इथे रिटर्नचं मूळ काम परत येतं, नवी ओळ. नाव तरी कुठून आलंय, टाइपरायटरवर ओळ संपली की कागद धरणारा तो सबंध भाग, कॅरेज, हाताने परत सुरुवातीला ढकलायचे, ते कॅरेज रिटर्न. कॅरेज गेलं, रिटर्न राहिलं.

आयफोनवर बहुओळीसाठी टेक्स्ट व्ह्यू असतो आणि त्याच्याकडे शुड रिटर्न नाहीच. मग लोक शुड चेंज टेक्स्ट इन रेंजमध्ये बसून पाळत ठेवतात, आत येणारा मजकूर नवी ओळ आहे का. असेल तर कीबोर्ड बंद करा आणि फॉल्स द्या म्हणजे ती ओळ आत पडत नाही. चालतं. पण तुलना करताना नीट करा. येणारा मजकूर नवी ओळ "आहे" का ते बघायचं, त्यात नवी ओळ "असली तर" असं नाही. कारण कोणीतरी चार ओळींचा पत्ता कॉपी करून पेस्ट करतो, तो सगळा एकदम येतो, त्यात नव्या ओळी असतातच, आणि तुमचा कोड समजतो रिटर्न दाबलं. पत्ता पडतच नाही, कीबोर्ड गायब. वापरणाऱ्याला वाटतं पेस्टच बंद केलंय यांनी.

अँड्रॉइडवर बहुओळी इनपुट टाइप दिला की सिस्टीम स्वतःच एंटरला ॲक्शन नको असा फ्लॅग लावते, तुम्ही आयएमई ऑप्शन्समध्ये डन लिहिलंत तरी. म्हणून "मी डन लिहिलंय, तरी नवी ओळच येते" ही तक्रार. तुम्हाला मजकूर दोन-तीन ओळींत दिसायला हवा पण बटण मात्र डन हवं असेल, तर इनपुट टाइप साधा टेक्स्टच ठेवा, आणि कोडमधून आडवं स्क्रोलिंग बंद करून मॅक्स लाइन्स वाढवा. जुगाड आहे, पण वर्षानुवर्षं चालणारा जुगाड आहे.

माझं विचाराल तर बहुओळी फील्डमध्ये रिटर्नला नवी ओळच करू द्यावी. चॅटमध्येसुद्धा. मोबाइलवर पाठवायचं बटण शेजारी वेगळं असतंच, मग एंटरने अर्धवट वाक्य पाठवून समोरच्याला कोड्यात का टाकायचं. खरा कीबोर्ड जोडलेला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे एंटरने पाठवणं आणि शिफ्ट एंटरने नवी ओळ ही सवय लोकांच्या हातात बसलीये, ती मोडू नका.

वेब ॲप असेल तर अजून एक खड्डा. जपानी, चिनी टाइप करणारे लोक आधी उच्चार लिहितात, पर्याय येतात, आणि एंटर दाबून शब्द पक्का करतात. त्या एंटरला तुम्ही पाठवायचं एंटर समजलात की प्रत्येक शब्दाला एक मेसेज. की डाउनमध्ये, म्हणजे बटण खाली जातानाच्या इव्हेंटमध्ये, इज कंपोझिंग तपासा, म्हणजे शब्द अजून जुळतोय का, ट्रू असेल तर हात लावू नका. सफारीमध्ये ते शेवटचं एंटर येईपर्यंत इज कंपोझिंग फॉल्स झालेलं असतं, म्हणून सोबत की कोड 229, म्हणजे शब्द जुळवणं चालू असल्याची खूण, आहे का तेही बघतात. आणि वेबवर बटणाचं लेबल बदलायला एंटर की हिंट हा ॲट्रिब्यूट आहे, फारच कमी लोक वापरतात, का कोण जाणे.

नंबर पॅड! विसरलेच होते. आयफोनच्या नंबर पॅडवर रिटर्न कीच नाही. फोन नंबर, ओटीपी, रक्कम, सगळीकडे हाच कीबोर्ड आणि बाहेर पडायला दार नाही. अँड्रॉइडवर आकड्यांच्या कीबोर्डला ॲक्शनचं बटण असतं, त्यामुळे तिथे टेस्ट करून खूश झालेली टीम आयफोनवर अडकते. कीबोर्डच्या डोक्यावर पट्टी लावा, इनपुट ॲक्सेसरी व्ह्यू, आणि त्यात डन. स्विफ्टयूआयमध्ये टूलबारला कीबोर्ड प्लेसमेंट आहे. ओटीपीला तर शेवटचा आकडा पडला की आपोआप पुढे जा, बटण कशाला?

एकाच कोडमधून दोन्हीकडची ॲप बनवणाऱ्या रिॲक्ट नेटिव्हमध्ये पण रिटर्न की टाइप फक्त पाटी, काम ऑन सबमिट एडिटिंगमध्ये. तिथे पुढच्या फील्डवर जाताना कीबोर्ड खाली जाऊन परत वर उसळतो, उचकी लागल्यासारखा, तो ब्लर ऑन सबमिट फॉल्स केला की थांबतो. नव्या व्हर्जनमध्ये त्याच्या जागी सबमिट बिहेवियर आलंय. तशाच फ्लटरमध्ये टेक्स्ट इनपुट ॲक्शन नेक्स्ट दिलं की फोकस आपोआप पुढे जातो, पण ऑन एडिटिंग कम्प्लीट स्वतः लिहिलंत की ते आपोआप बंद, मग पुढे न्यायची जबाबदारी तुमची. नुसतं काहीतरी सेव्ह करायचं असेल तर ऑन सबमिटेड वापरा, ते मूळ वागणुकीला धक्का लावत नाही.

टेस्ट करताना आयफोनच्या सिम्युलेटरवर, म्हणजे मॅकवरच्या नकली आयफोनवर, बहुतेक वेळा मॅकचाच कीबोर्ड जोडलेला असतो, त्यामुळे ऑनस्क्रीन कीबोर्ड दिसतच नाही आणि बटणावर काय लिहिलंय ते आपण कधी बघतच नाही. कमांड के दाबा, येतो वर. मग रिकाम्या फील्डवर रिटर्न दाबून बघा, सर्च बॉक्स असेल तर विशेष, रिकामा सर्च जातोय का. त्याला एनेबल्स रिटर्न की ऑटोमॅटिकली ट्रू केलं की काही लिहीपर्यंत बटण दाबताच येत नाही. आणि एखादा ब्लूटूथ कीबोर्ड मागून आणा कुणाकडून तरी, अँड्रॉइडला जोडा, शेवटच्या फील्डवर एंटर मारा आणि एंट्री मोजा. दोन निघाल्या तर व्हिडिओ थोडा मागे घ्या.