पाचशे मीटरची शर्यत

(सोलापुरात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रहो, शिडाची होडी म्हटलं की मागून वारा येतोय, शीड फुगलंय आणि होडी पुढं चाललीय, असंच चित्र आपल्या डोळ्यांपुढं येतं. तशी होडी वाऱ्याच्या पुढं जाऊच शकत नाही. तिचा वेग वाऱ्याइतका झाला की शिडाला वाराच लागत नाही. पण २४ नोव्हेंबर २०१२ रोजी नामिबियातल्या वॉल्विस बे इथं पॉल लार्सन यांनी 'व्हेस्टास सेलरॉकेट २' ही होडी ५०० मीटर अंतरात सरासरी ६५.४५ नॉट, म्हणजे ताशी १२१ किलोमीटर वेगानं पळवली. वारा तीस नॉटांच्या आतच होता.

कसं जमलं? ओला चिंचोका चिमटीत धरून दाबून बघा. बोटं दाबतात आडवी आणि चिंचोका सुटतो पुढं, बोटांपेक्षा कितीतरी वेगानं. इथं एक बोट म्हणजे शिडाला बाजूनं लागणारा वारा. दुसरं बोट म्हणजे पाण्यात खोचलेलं पातं, ते होडीला आडवं सरकू देत नाही. या दोघांच्या मध्ये होडी पुढं सुटते.

आता अशा वेगाच्या स्पर्धेकडं येतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्टलंड हार्बरमध्ये १९७२ साली 'वेमथ स्पीड वीक' सुरू झाली. मला ती मोलाची वाटते, कारण तिथं होडी कशी असावी याचं बंधन जवळपास नाही. शर्यत घड्याळाशी. घरच्या शेडमध्ये बांधलेली होडी, शिडाची फळी, पतंगाला जोडलेली फळी, सगळ्यांना तेच पाचशे मीटर. पहिल्याच वर्षी टिम कोलमन यांच्या 'क्रॉसबो'नं २६.३ नॉटांचा विक्रम केला. ती होडी नीट बघा. लांब, अरुंद सांगाडा, वाऱ्याच्या बाजूला दूरवर एक तराफ्यासारखा आधार, आणि होडी कलू नये म्हणून माणसं त्या आधाराकडं सरकायची. ती एकाच बाजूचा वारा घेऊन चालायची, दुसऱ्या बाजूनं चालायचीच नाही. प्रवासाला निरुपयोगी, प्रश्न सोडवायला उत्तम! एकच गोष्ट पक्की करायची तर बाकीचं सोडून देण्याचं धाडस लागतं. तुमच्या प्रोजेक्टमध्ये मला ते हवंय.

तिच्याच धाकट्या बहिणीनं, 'क्रॉसबो २'नं, १९८० साली ३६ नॉट गाठले. १९८६ साली तो विक्रम पास्कल माका यांनी एका माणसाच्या शिडाच्या फळीवर मोडला. २००८ साली पन्नास नॉटांची वेसही आधी ओलांडली ती पतंगवाल्यानं, सेबास्तियन कॅटेलान यांनी.

पन्नासच्या आसपास खरी अडचण पाण्याचीच येते. पात्याच्या एका अंगाला दाब इतका घटतो की थंड पाण्याचीही वाफ होते आणि पात्याची पकड सुटते. सेलरॉकेटच्या मंडळींनी ही वाफ टाळायचा नाद सोडला. पुढं धारदार, मागं जाड आणि बोथट असं पाचरीसारखं पातं केलं आणि त्यामागं पोकळी होऊ दिली. शीडही तिरकं ठेवलं, म्हणजे वाऱ्याचा जोर होडी उलटवण्यात वाया जाऊ नये.

इथं कुणीतरी विचारेल, सोलापुरात हे सगळं कशाला? या शर्यतीला समुद्र लागत नाही, लागतं सपाट पाणी. पोर्टलंडला चेसिलचा गोट्यांचा बांध लाटा अडवतो आणि वारा वरून येऊ देतो. आपल्याकडं पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटतो तेव्हा तळ्याचा पश्चिम काठ धरा. तिथं वाऱ्याला लाट उठवायला अंतरच मिळत नाही. हिप्परग्याला किंवा उजनीला जूनमध्ये पाणी खाली गेलेलं असतं हे खरं, पण फळीला कमरेएवढं पाणी पुरतं. रीतसर परवानगी काढा, अंगात लाइफ जॅकेट घाला, काठाकाठानं अंतर मोजून दोन्ही टोकांना खांब रोवा. वेग मोजायला जीपीएसचं घड्याळ चालेल. पहिल्या वर्षी दहा नॉट आले तरी मला आनंद आहे, फक्त पात्याचा आकार आणि त्या वेळचा वारा वहीत लिहून ठेवा.