अंडं गाडी आणि बारा सिलिंडरचा थर्मास

नमस्कार मंडळी, बरं हाय न्हवं सगळं? आज गप्पा गाड्यांच्या.

बीएमडब्ल्यू म्हटलं की आपल्याकडं लोक आधी किंमत विचारतात, पण ह्याच कंपनीनं १९५५ ला एक गाडी काढलेली, इसेटा नावाची, डिझाईन इटलीतल्या इसो कंपनीचं आणि इंजिन मोटारसायकलचं, एकच सिलिंडर, २४७ सीसी, म्हणजे आपल्या बुलेटपेक्षा बारकं. आकार अंड्यासारखा, आणि दार कुठं, तर डायरेक्ट नाकावर! फ्रिज उघडल्यासारखं ओढायचं, स्टेअरिंग दाराबरोबरच बाहेर येतंय, दोघांनी आत बसायचं आणि दार लावून घ्यायचं. आता समोरनं कुणी ठोकलं तर? वरचं कापडी छत सरकवून बाहेर या, तीच सोय. आपल्या कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत दुकानाकडं नाक लावून उभी केली तर माणूस उतरला की थेट दुकानात, पार्किंगचा विषयच संपला. त्यात १९५६ ला सुएझ कालव्याचं लफडं झालं, युरोपात पेट्रोलची बोंब, मग तर हिला मागणीच मागणी. १९६२ पर्यंत दीड लाखाच्या वर गाड्या बनवल्या.

आणि २००६ ला त्याच कंपनीनं काढली हायड्रोजन सेव्हन. बारा सिलिंडर, सहा लिटरचं इंजिन, २६० हॉर्सपॉवर, पाठीमागं थर्माससारखी टाकी, तिच्यात उणे २५३ डिग्रीला गार केलेला ८ किलो पातळ हायड्रोजन. रिक्षात सीएनजीवरनं पेट्रोलवर येतोय तसं हिलाबी बटण, आणि हायड्रोजनवर चालली की सायलेन्सरमधनं धूर न्हाई, वाफ. भारीच की, कोण न्हाई म्हणतंय! पण एवढं करून हायड्रोजनवर जाणार दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, म्हणजे कोल्हापुरातनं निघालं तर पुणं यायच्या आतच पेट्रोलचं बटण दाबायची पाळी. बनवल्या फक्त १००, त्याबी मोठमोठ्या लोकांना वापरायला दिल्या. मला विचाराल तर इंधन बदललं पण गाडीचा बडेजाव काय सोडवला न्हाई बघा त्यांना.

आणि खरी गंमत टाकीची. किती बी गार ठेवा, तो हायड्रोजन उभ्या गाडीत हळूहळू उडून जातोय. घटस्थापनेला निम्मी टाकी भरून दारात लावली आणि खंडेनवमीला हार घेऊन पूजेला गेला, तर आत जेमतेम वीस किलोमीटरचं उरलेलं. इसेटाचं तसं न्हाई, टाकीतलं पेट्रोल हाय तिथंच राहणार, फक्त मधी कुणा पाव्हण्यानं नळी लावून काढून नेलं नाही म्हणजे झालं.