देसाईगंजच्या ठाण्यातून निघालेली वाट

(दृश्य : पहाटेचं वडसा रेल्वे स्थानक)

देसाईगंज. इथली माणसं वडसाच म्हणतात. आज जिल्हा गडचिरोली, 1972 साली चंद्रपूर. त्या वर्षी 26 मार्चच्या रात्री एक आदिवासी मुलगी भावासोबत इथल्या पोलीस ठाण्यात आली. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान, मोलमजुरी करून जगणारी. तिचं नाव पुढे देशभर गेलं. इथे ते आम्ही घेणार नाही.

जबाब झाले. साडेदहाच्या सुमारास सगळे निघाले, तेव्हा तिला एकटीला थांबवून घेतलं. भाऊ बाहेर. दार आतून बंद झालं, दिवे मालवले गेले. लोकांनी हाका मारल्या. आतून उत्तर नाही. ती बाहेर आली तेव्हा ठाण्यासमोर गर्दी जमली होती. त्या गर्दीसमोर, त्याच ठाण्याच्या दारात उभं राहून तिनं सांगितलं, की शिपायानं आपल्यावर बलात्कार केला. पुढचे सगळे मोर्चे, सगळे कायदे या एका उच्चाराच्या मागून आले आहेत.

सत्र न्यायालयानं आरोपी पोलिसांना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. भीतीपोटी हतबल होऊन गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं स्पष्ट म्हटलं. सप्टेंबर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षाही रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, म्हणजे संमती!

(दृश्य : विद्यापीठातला रिकामा वर्ग)

वर्षभरानं कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. दिल्ली विद्यापीठाचे उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. पत्रातला सवाल साधा होता. गरीब मुलगी, रात्रीची वेळ, पोलीस ठाणं, आणि पोलिसांचा धाक. यातलं काहीच न्यायालयाला दिसलं नाही का? तोवर प्राध्यापकांनी सर्वोच्च न्यायालयाला असं जाहीरपणे विचारणं फारसं कुणी पाहिलं नव्हतं. आम्हाला त्या धाडसाचा आजही अभिमान वाटतो.

पत्र पडलं ते मशागत झालेल्या जमिनीवर. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाईविरोधी लाटणे मोर्चांनी बायकांना रस्ता ओळखीचा करून दिला होता. 1975 मध्ये पुण्यात स्त्रीमुक्ती परिषद भरली होती. त्याआधीच, 1974 मध्ये, मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाईंनी स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र उभं केलं होतं. 1980 च्या सुरुवातीला मुंबईत 'फोरम अगेन्स्ट रेप' स्थापन झाला, आणि 8 मार्चला शहराशहरांत बायका खटला पुन्हा उघडा म्हणत रस्त्यावर आल्या. नागपुरात सीमाताई साखरे यांनी स्त्री अत्याचार विरोधी परिषद उभी केली. खटला मात्र उघडला नाही. फेरविचाराची मागणी फेटाळली गेली.

कायदा बदलला, 1983 मध्ये. कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाई 'संमती नव्हती' म्हणाली, तर न्यायालयानं तिचं म्हणणं धरून चालायचं. पीडितेची ओळख छापणं गुन्हा ठरलं. आम्ही नाव घेत नाही ते याच कलमाला मान देऊन.

विद्यापीठांतही हा विषय मुरत गेला. 1981 मध्ये एसएनडीटीत स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली, 1987 मध्ये पुणे विद्यापीठात स्त्री-अभ्यास केंद्र सुरू झालं. कॅम्पसवरच्या छळाच्या तक्रारींसाठी समिती हवी, हे नियमात यायला मात्र फार वर्षं गेली. 2015 च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमांनी, विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात त्या समितीवर निवडून आलेले विद्यार्थीही बसवले.

(दृश्य : वैनगंगेचं पात्र)

बाईनं शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती गृहीत धरता येणार नाही. नागपूर खंडपीठाला जे उमगलं होतं ते कायद्याच्या कलमात लिहिलं गेलं 2013 साली. तेव्हा देसाईगंजची ती मुलगी पंचावन्नच्या घरात होती.