वाऱ्यावरचं छप्पर

[दृश्य: मिनीॲपोलिसच्या पूर्व टोकाला, उंच इमारतींपलीकडे पांढरा फुगीर घुमट]

एप्रिल महिना. घरी फोन केला तर आई सांगत होती, पंखा पाचवर फिरतोय तरी घाम थांबत नाही. आणि इकडे मिनीॲपोलिसमध्ये मी दोन स्वेटरांवर जाकीट चढवून निघालो होतो. कुठे? तर बेसबॉलचा सामना बघायला.

या थंडीत कोण खेळणार, असं वाटत होतं. त्याचं उत्तर समोर उभं होतं. ह्युबर्ट हम्फ्री मेट्रोडोम. मिनेसोटा राज्याचे नेते आणि अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष हम्फ्री यांचं नाव दिलेला हा घुमट 1982 साली खुला झाला. गावातले लोक नुसतं ‘डोम’ म्हणायचे.

[दृश्य: गोल फिरणारी दारं, आत शिरणारी गर्दी]

आत जायचं ते फिरत्या दारातून. साधं दार इथे चालत नसे, कारण आतली हवा कोंडून ठेवलेली. या छपराला मधे एकही खांब नव्हता, तुळई नव्हती. टेफ्लॉनचा लेप दिलेलं काचतंतूंचं कापड, तेही दहा एकर. वरून पोलादी दोरखंडांची जाळी आणि खालून हवा फुंकणारे 20 पंखे. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त, आणि तेवढ्या जोरावर शेकडो टनांचं छप्पर वर राहायचं. एखादी गोष्ट वाऱ्यावर सोडली म्हणजे ती बुडाली, असं आपण समजतो. इथे आख्खं स्टेडियम वाऱ्यावर सोडलेलं होतं आणि तीसेक वर्षं चाललं!

[दृश्य: रिकाम्या निळ्या खुर्च्यांच्या रांगा]

आता खरं बोलायचं तर ही जागा बेसबॉलपेक्षा फुटबॉललाच जास्त सोयीची होती. खुर्च्यांची मांडणी फुटबॉलची. फुटबॉल म्हणजे अर्थात अमेरिकी फुटबॉल, अंडाकृती चेंडूचा, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळण्याचा. त्यामुळे बेसबॉलला कडेच्या खुर्च्यांवर बसलेल्या माणसाचे गुडघे मैदानाच्या मध्याकडे आणि मान मात्र बॅटरकडे वळलेली. तीन तास. उजवीकडच्या कुंपणावर एक भलं मोठं निळं प्लॅस्टिक ताणलेलं असायचं, 23 फूट उंचीचं. त्यामागे फुटबॉलच्या जादा खुर्च्या मुडपून ठेवलेल्या. लोक त्याला ‘बॅगी’ म्हणत, काही जण सरळ कचऱ्याची पिशवी. चेंडू त्यावर आदळला की ठप्प आवाज करून खाली गळायचा.

आणि वरती ते पांढुरकं कापड. चेंडूचाही रंग तोच. उंच उडालेला चेंडू भल्याभल्या क्षेत्ररक्षकांच्या नजरेतून सुटायचा. दोन्ही हात पसरून, तोंड वर करून, हरवल्यासारखा उभा राहिलेला खेळाडू हे इथलं नेहमीचं दृश्य. पाहुण्या संघाचा असला की टाळ्या जास्त. 1984 साली डेव्ह किंगमन नावाच्या फलंदाजाने चेंडू असा उडवला, की तो छपरातल्या भोकात शिरला तो खाली आलाच नाही. पंचांनी त्याला दोन बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचे दोन टप्पे, दिले. दुसरं करणार काय!

[दृश्य: पांढरे रुमाल फडकवणारी गर्दी]

या सगळ्या खोडी यजमानांच्या पथ्यावर पडल्या. 1987 मध्ये इथला बेसबॉल संघ, ट्विन्स, घरच्या 81 सामन्यांपैकी 56 जिंकला, आणि बाहेरच्या 81 पैकी फक्त 29. शेवटी वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलचं अजिंक्यपदही घेतलं. 1991 मध्ये पुन्हा. दोन्ही वेळा घरचे चारच्या चार सामने जिंकून, बाहेर एकही न जिंकता. 1991 च्या सातव्या सामन्यात ट्विन्सच्या जॅक मॉरिसने नेहमीच्या नऊऐवजी दहाही इनिंग्ज एकट्याने चेंडू टाकला, आणि सामना सुटला 1-0 असा. कापडी छपराखाली आवाज कोंडून घुमायचा. शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागे.

पण डोम समजून घ्यायचा तर ऑक्टोबर 2009 बघा. ट्विन्सचं इथलं हे शेवटचं वर्ष, पुढच्या मोसमात ते गावातल्याच नव्या, उघड्या मैदानावर जाणार. चार सामने उरलेले असताना ते डेट्रॉईटपेक्षा तीन सामन्यांनी मागे होते. तरी त्यांनी बरोबरी गाठली, म्हणजे निकालासाठी एक जादा सामना आला. तो खेळवायचा सोमवारी. पण सोमवारी रात्री त्याच घुमटाखाली फुटबॉल होता: इथला संघ व्हायकिंग्ज विरुद्ध ग्रीन बे, आणि व्हायकिंग्जचा नामांकित खेळाडू ब्रेट फार्व्ह आपल्या जुन्या संघाविरुद्ध, म्हणजे ग्रीन बेविरुद्ध, पहिल्यांदाच उतरणार. घर एक आणि लग्नं दोन! बेसबॉलने मुहूर्त पुढे ढकलला. रात्री व्हायकिंग्ज जिंकले, मग कामगारांनी त्या मैदानाचं पुन्हा बेसबॉलचं मैदान केलं, आणि मंगळवारी दुपारी 54 हजार लोक हजर. बारा इनिंग्ज चाललेला तो सामना ट्विन्सने 6-5 असा मारला. संपल्यावर बराच वेळ कोणी जागचं हललं नाही. म्हातारी माणसं खुर्च्यांच्या पाठी थोपटत होती.

[दृश्य: हिमवादळ, मग आतल्या कॅमेऱ्याचं चित्रण]

डिसेंबरात बाहेर उणे वीस आणि आत लोक व्हायकिंग्जच्या बाह्या नसलेल्या जांभळ्या जर्सीत. मांडीवर जाकिटांचा ढीग, त्यावर नाचोजची थाळी. हे सुख पंख्यांवर आणि बर्फ वेळेवर हटवण्यावर अवलंबून होतं. छपराच्या दोन थरांमध्ये गरम हवा सोडायचे, वर चढून माणसं बर्फ काढायची. डिसेंबर 2010 च्या वादळात मात्र बर्फ सतरा इंच पडला, आणि वारा एवढा की वरच्या माणसांना 11 तारखेच्या रात्री खाली उतरवावं लागलं. 12 तारखेच्या पहाटे आत चालू ठेवलेल्या कॅमेऱ्यांनी पुढचं टिपलं. आधी छताला पोक आलं, मग कापड टरकलं आणि टनावारी बर्फ मैदानावर कोसळला. त्या दिवशीचा व्हायकिंग्जचा सामना दुसऱ्या दिवशी डेट्रॉईटला हलवला. तिथे खांद्याच्या दुखापतीमुळे फार्व्ह बाहेर बसला आणि सलग 297 सामन्यांत सुरुवातीपासून उतरण्याची त्याची मालिका तुटली.

नवं कापड लागलं, पंखे पुन्हा फिरले, पण ते दुखणाइताला सलाईन लावल्यासारखं. 29 डिसेंबर 2013 ला शेवटचा फुटबॉल सामना झाला. जानेवारीत पंखे बंद केले आणि छप्पर शेवटचं खाली बसलं. आज तिथे काचेच्या भिंतींचं, टोकदार, झगमगीत स्टेडियम आहे. त्याचं छप्पर पक्कं आहे.

[दृश्य: जुनं चित्रण, सामना सुटल्यावरची गर्दी]

सामना संपला की डोमची साधी दारं उघडायचे. मग आतली कोंडलेली हवा एकदम बाहेर धावायची, आणि तिच्याबरोबर आपणही. पाठीत कोणी तरी हात घालून ढकलावं तसं. माझ्या पहिल्या सामन्याला मी बेसावध होतो. दाराशी उभ्या एका आजोबांनी स्वतःची टोपी दाबून धरली आणि माझ्याकडे बघून डोक्याकडे बोट केलं. तोवर माझी गेली होती, रस्त्यापलीकडे, बर्फावर गडगडत.