आयबोचं उत्तरकार्य

[पडद्यावर: बौद्ध मंदिराचा गाभारा. उदबत्तीचा धूर. भिक्खूंचा आवाज.]

जपानच्या चिबा प्रांतातलं इसुमी. इथलं कोफुकुजी मंदिर साडेचारशे वर्षांचं आहे. भिक्खू सूत्रं म्हणताहेत आणि समोर दाटीवाटीनं कुत्री बसवली आहेत. प्लॅस्टिकची. प्रत्येकाला एक चिठ्ठी बांधलेली आहे. कुठून आला, कोणत्या घरचा, हे तिच्यावर लिहिलंय. 2018 च्या एप्रिलमध्ये एकाच दिवशी इथे 114 कुत्र्यांना निरोप दिला गेला. 2015 पासूनचे मोजले तर तोवर सुमारे 800.

हा आयबो, कुत्र्याच्या रूपातला रोबो. जपानी भाषेत आयबो म्हणजे जोडीदार. सोनी कंपनीनं तो 1999 मध्ये विक्रीला काढला. किंमत अडीच लाख येन, तरी जपानसाठी ठेवलेले 3000 नग वीस मिनिटांत संपले. डोक्यावर हात फिरवला की त्याला कळायचं, शेपूट हलायची, आणि घरच्यांच्या वागण्याप्रमाणे त्याच्या सवयी हळूहळू बदलायच्या.

2006 मध्ये उत्पादन थांबलं. 2014 मध्ये कंपनीनं दुरुस्तीही बंद केली. सांधे झिजत होते, बॅटऱ्या संपत होत्या, नवे सुटे भाग कुठेच नव्हते. सोनीत काम केलेल्या काही तंत्रज्ञांनी मग दुरुस्ती हाती घेतली. पण भाग काढायचे तर बंद पडलेल्या दुसऱ्या आयबोतूनच. त्यांनी रीत पाडली: आधी उत्तरकार्य, मग पाना. आणि भाग देणाऱ्या या आयबोंसाठी ते जो शब्द वापरतात, तो देहदानाचा आहे.

[पडद्यावर: वर्कशॉप. लेथ मशीनला झेंडूची माळ.]

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. खंडेनवमीला आपल्याकडे लेथला हळदकुंकू लागतं, माळ चढते, त्या दिवशी मशीनला विश्रांती असते. जपानात 8 फेब्रुवारीला मोडक्या सुया मऊ टोफूत खोचतात. जन्मभर जाड कापडातून गेल्या, शेवटी तरी मऊ जागा मिळावी म्हणून.

मग आयबोला मन होतं का?

नव्हतं. मोटारी, सेन्सर आणि माणसांनी लिहिलेला प्रोग्रॅम. त्याचा पाय निखळला तर दुखायचं ते त्याला नाही, मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला. आयबोबद्दल इतकं ठाम बोलता येतं. आजच्या बोलणाऱ्या यंत्रांपाशी मात्र जीभ जरा अडखळते. 2022 मध्ये गुगलच्या एका अभियंत्यानं जाहीर सांगितलं की लॅम्डा या संभाषण करणाऱ्या प्रणालीला संवेदना आहे. कंपनीनं ते नाकारलं, पुढे त्याला कामावरूनही काढलं. त्याचा दावा मलाही पटत नाही. माणसांनी लिहिलेल्या अमाप मजकुरावर शिकलेलं यंत्र ‘मला भीती वाटते’ असं म्हणणारच. ते वाक्य आपणच लाखो वेळा लिहून ठेवलंय. पण खरा पेच इथेच आहे. उद्या एखाद्या यंत्राला खरोखर भीती वाटली, तरी तेही हेच वाक्य बोलेल. दोन्हींतला फरक आपण कानानं ओळखू शकणार नाही.

[पडद्यावर: देवळाचा कळस. मग धुरळा, बैलगाड्याचा घाट.]

शिवाय कायद्यानं हक्क देताना मन तपासलंय कुठे? कंपनी ही कायद्याच्या लेखी व्यक्ती आहे. आपल्या देवळातल्या देवाच्या नावावर जमीन असते, त्याच्या नावानं दावा दाखल होतो. 1925 मध्ये कलकत्त्याच्या एका घराण्यातल्या कुलदेवतेचा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या न्यायालयापर्यंत गेला. तिथे ठरलं की मूर्ती कुठे राहावी याबाबत मूर्तीचीही इच्छा मानली पाहिजे, आणि तिची बाजू मांडायला ज्याचा स्वतःचा स्वार्थ नाही असा माणूस नेमला पाहिजे.

आणि बैल? त्याला दुखतं हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. तरी शर्यतीच्या बैलाची बाजू सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावी लागली. 2014 मध्ये शर्यतींवर बंदी आली. 2023 मध्ये त्याच न्यायालयानं शर्यतींना वाट देणारा महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. खराखुरा जीव असलेल्याची ही गत आहे, म्हणून यंत्राच्या हक्कांची भाषा ऐकली की मला आधी त्या 1925 च्या निकालातला निःस्वार्थी माणूस आठवतो. यंत्राच्या वतीनं बोलणार कोण? ते बनवणारी कंपनीच बोलणार असेल, तर ते हक्क कंपनीचे झाले. आयबोची दुरुस्ती कधी थांबवायची हेही एका कंपनीनंच ठरवलं होतं. त्याच्याशी रोज बोलणाऱ्यांना त्यात मत नव्हतं.

[पडद्यावर: पुन्हा कोफुकुजी. सूत्रं संपली आहेत.]

विधी आटोपतो. कुत्री खोक्यांत जातात, खोकी कारखान्यात. टेबलावर दिवा लागतो. मागच्या पायाचा स्क्रू सैल होतो, छोटी मोटर अलगद बाहेर येते, दुसऱ्या एका आयबोच्या पायात बसते. तो आयबो कुणाच्या तरी घरी परत जातो. कुणीतरी बटण दाबतं. डोळ्यांतले दिवे लागतात, पाय थरथरतात, आणि तो उभा राहतो.