टर्मिनलमधून एडिटर: आधी वाचा, मग गप्प करा

आजच्या पत्रिकेत विषय छापलाय ‘एका ओळीत शांत एडिटर’. ती ओळ मी देणार आहे, पण शेवटी. आधी दिली तर ती उतरवून घेऊन निम्मा हॉल चहाला जाईल, आणि मला बोलायचंय ते त्या ओळीच्या अलीकडचं.

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, जीएडिट (हा एक टेक्स्ट एडिटर) आणि फाइलचं नाव टाइप केलं की विंडो उघडते आणि मागे ‘जीटीके-वॉर्निंग’च्या, म्हणजे विंडो काढणाऱ्या जीटीके लायब्ररीच्या इशाऱ्यांच्या, ओळी पडायला लागतात. पुढची कमांड घेणारा प्रॉम्प्ट अडकलेलाच. मग कोणीतरी सांगतं, शेवटी & लाव. प्रॉम्प्ट येतो, पण ओळी थांबत नाहीत. उलट तुम्ही अर्धवट टाइप केलेल्या कमांडच्या मधोमध घुसतात. & मुळे शेल, म्हणजे तुमच्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम, वाट पाहायचं सोडतं, एवढंच. एडिटरचा स्टँडर्ड एरर, म्हणजे चुका आणि इशारे बाहेर पडायची वाट, २ नंबरचा डिस्क्रिप्टर, त्याच टर्मिनलला जोडलेला राहतो. बॅकग्राउंडमधल्या प्रोसेसने टर्मिनलवरून वाचायला घेतलं तर कर्नल तिला थांबवतं, लिहायला मात्र सहसा मुभा असते.

इथे माझं गाऱ्हाणं सुरू होतं. यापुढची पायरी म्हणून सगळीकडे २>/डेव्ह/नल चिकटवायचा, म्हणजे त्या ओळी न दाखवता फेकून द्यायचा, सल्ला मिळतो, आणि त्या ओळी काय म्हणत होत्या हे कोणी वाचतच नाही. वाचा ना! ‘कॅनबेरा-जीटीके-मॉड्यूल लोड झालं नाही’ असं असेल तर ते आवाजाचं मॉड्यूल आहे. त्याचं पॅकेज टाकलं की ओळ कायमची जाते. ‘ॲक्सेसिबिलिटी बसशी जोडणी झाली नाही’ असं असेल आणि स्क्रीन रीडर वगैरे काही वापरत नसाल, तर एनओ_एटी_ब्रिज हे व्हेरिएबल १ करा. या दोन ओळी निरुपद्रवी आहेत, आणि दोन्हींना आपापला इलाज आहे.

तिसरी ओळ तशी नाही. ‘/रन/युजर/१०००/डीकॉन्फ/युजर ही फाइल तयार करता येत नाही, परवानगी नाही.’ ही दिसली की पहिला संशय सुडो जीएडिटवर घ्यायचा. सिस्टिमची एखादी फाइल बदलायची म्हणून सुडो लावून एडिटर रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, म्हणून उघडला जातो. डिस्प्ले तुमचा, सेटिंगच्या डिरेक्टरी कधीकधी तुमच्याच, पण त्यात तयार होणाऱ्या फाइलींचा मालक रूट! दुसऱ्या दिवशी तुम्ही साध्या युजरने तोच एडिटर उघडता आणि त्याला स्वतःच्याच सेटिंगला हात लावता येत नाही. फॉन्ट बदलला तरी टिकत नाही. /रन/युजरमधलं पूर्ण लॉग आउट केल्यावर पुसलं जातं, होम डिरेक्टरीतलं मात्र तसंच राहतं. फाइंड कमांडला ‘-युजर रूट’ देऊन होम डिरेक्टरी तपासा. तिथे रूटच्या मालकीचं सहसा काही नसायला हवं. जे अनाहूत सापडेल त्याची मालकी चोन कमांडने परत स्वतःकडे घ्या. आता सांगा, ही ओळ /डेव्ह/नलमध्ये गेली असती तर हे कळलं कसं असतं?

यावरचा इलाज जुनाच आहे, सुडोएडिट. तो फाइलची तात्पुरती प्रत करतो, एडिटर तुमच्याच नावाने चालवतो आणि एडिटर बंद झाला की बदल मूळ जागी लिहितो. एक मेख आहे. जीएडिटची विंडो आधीच उघडी असेल तर नवी कमांड फाइल त्या विंडोकडे सोपवून लगेच परत येते. सुडोएडिटला वाटतं काम झालं, आणि तुमचे बदल मूळ फाइलपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून सुडो_एडिटर या व्हेरिएबलमध्ये ‘जीएडिट --वेट’ असं लिहायचं.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. तर ती ओळ भराभर सांगतो. बॅश या शेलच्या बॅशआरसी या सेटिंग-फाइलमध्ये फंक्शन लिहा, एलियस नको:

जीएडिट() { सेटसिड --फोर्क जीएडिट "$@" >>~/.कॅश/जीएडिट.लॉग २>&१; }

सेटसिड नवं सेशन देतं, त्यामुळे टर्मिनल बंद केल्यावर येणारा हँगअप सिग्नल एडिटरला लागत नाही. --फोर्कमुळे प्रॉम्प्ट लगेच मिळतो, & लागत नाही, कंसातला जॉब नंबरही छापला जात नाही. सेटसिड खरा प्रोग्रॅम चालवतं, फंक्शन नाही, म्हणून ते स्वतःलाच पुन्हापुन्हा बोलावत बसत नाही. "$@" भोवतीचे अवतरण काढलेत तर नावात स्पेस असलेल्या फाइलीचे तुकडे होतील. आणि सगळं लॉगमध्ये जातं, नलमध्ये नाही. लॉग फुगला तर रिकामा करा.

क्रम उलटा करू नका. शेल डावीकडून उजवीकडे जातं. २>&१, म्हणजे ‘२ नंबरला १ नंबरच्याच जागी पाठव’, हे आधी लिहिलंत तर २ नंबर टर्मिनलकडेच राहतो, कारण त्या क्षणी १ नंबर, म्हणजे नेहमीच्या आउटपुटची वाट, तिकडेच असतो. बॅशमधला &> हा दोन्ही वाटा एकदम वळवणारा शॉर्टकट एसएच स्क्रिप्टमध्ये टाळा. उबुंटूवर २००६ पासून एसएच म्हणजे डॅश हे वेगळं शेल, आणि डॅश त्याचे दोन तुकडे करतो: कमांड बॅकग्राउंडला पाठवतो, फाइल रिकामी करतो, आणि आउटपुट पुन्हा टर्मिनलवर येतं.

शेवटचं, गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) वापरणाऱ्यांसाठी. हेच फंक्शन स्क्रिप्ट करून एडिटर व्हेरिएबलला देऊ नका. स्क्रिप्ट लगेच परतते, गिटला संदेश रिकामा दिसतो आणि कमिट, म्हणजे बदलांची नोंद, रद्द होते. तिथे साधं ‘जीएडिट --वेट’ ठेवा.