शेजारचा स्नायू

श्रोतेहो, नमस्कार. पोटरीत कळ आली की आपण म्हणतो, "शीर आखडली." शीर बिचारी कुठली आखडायला! आखडतो तो स्नायू. आणि स्नायूचे काम कधी एकट्याचे नसते, आज त्याबद्दलच बोलू.

शरीररचनेच्या तक्त्यांवर प्रत्येक स्नायू सुटा, लालबुंद, कडा कोरून काढलेला दिसतो. दिशाभूल करणारे तक्ते आहेत ते. स्नायू इतके सुटे होतात ते सुरी फिरल्यावर. जिवंत शरीरात शेजारचे स्नायू पातळ आवरणांनी एकमेकांना धरून असतात, कोटाला आतून अस्तर टाचलेले असावे तसे.

याचा पुरावा मिळाला उंदराच्या नडगीत. 2001च्या सुमारास अॅम्स्टरडॅममध्ये पीटर हाउयिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूल दिलेल्या उंदराचा एक स्नायू निवडला, पायाची बोटे वर उचलणारा. स्नायूला हाडाशी बांधणारा चिवट भाग म्हणजे कंडरा; त्याची एक कंडरा गुडघ्याकडे, दुसरी बोटांकडे. दोन्ही टोके सोडवून प्रत्येक टोकाला ओढ मोजणारे यंत्र जोडले. भोवतालची आवरणे मात्र शाबूत ठेवली. आता दोरी दोघांनी दोन टोकांना ताणून धरली, तर दोघांच्याही हाताला ओढ सारखीच लागते. स्नायूचेही तसेच, असे पुस्तके सांगत होती. पण दोन यंत्रांचे आकडे जुळेनात! पुन्हा ऐका: स्नायू एकच, टोके दोन, आणि दोन्हीकडची ओढ वेगळी. मग मधली ओढ गेली कुठे? बाजूने, आवरणांतून, शेजाऱ्याकडे. पुढे त्यांनी या स्नायूला तसेच ठेवून फक्त शेजारच्याची लांबी बदलली, तरी याचे आकडे हलले. खरी गंमत त्यानंतरची. लांबी तेवढीच ठेवून अख्खा स्नायू मिलिमीटरच्या हिशेबाने बोटांकडे सरकवला. खालच्या टोकाची ओढ वाढली, वरच्याची घटली. लांबी तीच, बदलली ती फक्त जागा.

मात्र रोजच्या चालण्याच्या मर्यादेत हा परिणाम बराच लहान असतो. मांजरांवरच्या नंतरच्या मोजमापांत तसेच दिसले. "तळवा चोळा, मान मोकळी होईल" असे छातीठोक सांगणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा ऐकावे.

आता पोटरी आणि वय. पोटरीत मोठे स्नायू दोन. वरचा गॅस्ट्रॉक्निमियस गुडघ्याच्या वरून निघतो, त्याखालचा सोलियस गुडघ्याच्या खालून. दोघेही टाचेवरच्या एकाच जाड कंडरेत उतरतात, पण आत त्यांच्या पट्ट्या वेगळ्या असतात, पीळ घातलेल्या. तरुणपणी या पट्ट्या एकमेकींवरून घसरतात. अल्ट्रासाउंडमध्ये कंडरेचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा जास्त सरकताना दिसतो. वय वाढले की हा फरक कमी होतो. दोघांना आपापले काम वेगळे करणे अवघड जाते. त्यात स्नायूही बारीक होतो. चालताना पाऊल मागे रेटण्याचा जोर घटतो आणि ते काम खुब्याच्या स्नायूंवर पडते.

म्हणून पोटरी ताणायची ती दोन प्रकारे. दोन प्रकारे, हे लक्षात ठेवा. भिंतीला हात टेकून एक पाय मागे घ्या. आधी मागचा गुडघा ताठ, टाच जमिनीला: 30 सेकंद. हा ताण वरच्या स्नायूला. मग टाच न उचलता तोच गुडघा वाकवा, आणखी 30 सेकंद. आता वरचा सैलावतो आणि ताण सोलियसवर येतो. प्रत्येक पायाला दोनदा. बहुतेकांचे चुकते ते पावलात: पाऊल बाहेर वळते, तळव्याची कमान खाली बसते, आणि घोट्याऐवजी पाऊलच वाकते. बोटे सरळ भिंतीकडे हवीत. हिसके देऊ नका. जोर वाढवायलाही हीच जोडी: टाचा उचलायच्या त्या उभे राहून आणि खुर्चीत बसूनही.

एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, तर मात्र ताणू नका, चोळूही नका. रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.